आपली वस्ती नकाशावर आहे काय?

सदर : आपले घर, आपली वस्ती



नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या भिंतीवर टांगलेला भारताचा रंगीत नकाशा येतो. नाहीतर भूमापन कचेरीतला, बांधाच्या भांडणात उलगडून दाखवला जाणारा जीर्ण कागद आठवतो. पहिल्याशी आपला संबंध परीक्षेपुरता आणि दुसऱ्याशी कोर्टकचेरीपुरता. आज आम्ही तिसऱ्याच नकाशाविषयी लिहिणार आहोत. तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. पूर, भूकंप, दरड अशा संकटात त्याच्यावरून मदत कुठे पोहोचते हे ठरू लागले आहे. रस्ता, गटार, नळ या रोजच्या गरजांतही त्याचा उपयोग होऊ लागला आहे.

वाचकहो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. मोबाइलवर नकाशा उघडा आणि एरंडोल शोधा. मुंबई-नागपूरकडे धावणारा महामार्ग ठळक दिसेल, अंजनी नदीची निळी रेघ दिसेल. मग बोटांनी नकाशा मोठा करीत आपल्या वस्तीकडे या. आपली गल्ली काढलेली आहे काय? बुद्धविहार आहे काय? अंगणवाडी, हापसा, सार्वजनिक शौचालय आहे काय? आणि वस्तीला नाव असेल तर ते कोणते लिहिले आहे? कासोदा, उत्राण, रिंगणगाव, ज्याचे जे गाव असेल त्याने तिथे हेच पाहावे.

यात काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. समजा रात्री दोन वाजता घरातल्या लेकीला कळा सुरू झाल्या. तुम्ही १०८ ला फोन लावला. गाडीचा चालक परगावचा. तो विचारतो, "ताई, नेमके कुठे यायचे?" तुम्ही सांगता, "दादा, पाराजवळून डावीकडे वळा, नाल्यापलीकडे या, तिथे कोणालाही विचारा." रात्री दोनला तो विचारणार कोणाला? त्याच्या हातातल्या नकाशावर रस्ता पारापाशीच संपत असेल, तर गाडीही पारापाशीच उभी राहणार. बाळंतिणीला खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यायचे काम मग घरच्यांचेच.

नकाशा काढला कोणी आणि कशासाठी?

आपल्या देशात मोजणीचे सरकारी खाते, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत स्थापन झाले. कंपनीला फौजा हलवायच्या होत्या आणि सारा वसूल करायचा होता. ज्याला जे हवे तेच तो नकाशात भरतो. खानदेशात १८५२ साली सारा ठरवण्यासाठी मोजणीदार आले, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले लोक खवळून उठले. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी त्यांना धास्ती होती. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी रेटली. म्हणजे आमच्या एरंडोलला मोजणीची साखळी आणि तिच्यामागचे राजकारण दोन्ही जुनेच आहे.

सारा शेतावर बसतो, म्हणून शेत काटेकोर मोजले गेले. लोक राहतात ते गावठाण मात्र बहुतेक लहान गावांत घराघराने मोजलेच गेले नाही. अलीकडे हे काम ड्रोनच्या साहाय्याने हाती घेतले गेले. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी त्याचा आरंभीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना म्हणून ते देशभर जाहीर केले. त्यातून घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. पण हे माप गावठाणाचे आहे. ज्यांची घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर किंवा नाल्याकाठी आहेत, त्यांचे काय? आपल्या किती वस्त्या अशा कडेला आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

यातली कडू गोष्ट अशी की गावाची शीव सर्वांत नेमकी ठाऊक होती ती वतनदार महाराला. दोन गावांत सीमेचा तंटा उभा राहिला की शीव कुठून कुठे जाते हे सांगायला त्यालाच पुढे करीत आणि त्याची साक्ष मानली जाई. त्याच वतनाच्या नावाखाली त्याला रात्रंदिवस राबवूनही घेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, हे फार चांगले झाले. पण ज्या आजा-पणजाच्या पायांत अख्ख्या गावाचा नकाशा होता, त्याचा स्वतःचा वाडा कागदावरच्या नकाशात कोपऱ्यात राहिला किंवा राहिलाच नाही, हे विसरता येत नाही.

सार्वजनिक विहिरीसारखा नकाशा

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने एक खटाटोप सुरू केला. तिथल्या सरकारी मोजणी खात्याचे नकाशे महाग होते आणि वापरायचे तर परवाना लागे. त्याने म्हटले, लोकांनीच आपापल्या भागाचा नकाशा काढावा आणि तो सर्वांना फुकट वापरू द्यावा. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे रस्त्यांचा खुला नकाशा. कोणीही खाते उघडावे, उपग्रहातून किंवा विमानातून टिपलेल्या चित्रावरून रस्ते आणि घरे रेखावीत, जागेवर जाऊन नावे भरावीत. एकाने चूक केली तर दुसरा दुरुस्त करतो. कोणी काय बदलले याची नोंद राहते.

आपल्या मोबाइलमध्ये सहसा असतो तो गूगलचा नकाशा. तोही फुकट दिसतो. पण त्याच्यामागची सारी माहिती त्या कंपनीच्या मालकीची आहे. कंपनी दाखवील तेवढे आपण पाहायचे. खुल्या नकाशाची माहिती मात्र शाळेला, ग्रामपंचायतीला, मदत संस्थेला, कोणालाही उतरवून घेता येते आणि कामाला लावता येते. त्याची एक अट अशी की तो कोणाच्या मेहनतीतून आला हे सांगायचे.

हा फरक आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो सांगत होता. त्याच हक्कासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. माहितीचेही तसेच आहे. जनतेच्या पैशातून गोळा केलेली माहिती जनतेला खुली हवी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे तत्त्व मान्य केले. आज ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च घरबसल्या पाहता येतो. तळे खुले झाले तरी ओंजळ आपल्यालाच भरावी लागते.

संकटात नकाशाने काय केले?

१२ जानेवारी २०१० रोजी हैती या गरीब देशात भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे गेली. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मदत पथके उतरली, पण त्यांच्याजवळ धड नकाशा नव्हता. उपग्रहाची ताजी चित्रे खुली करण्यात आली आणि जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून काही दिवसांत शहराचे रस्ते, पडलेल्या इमारती, मोकळ्या जागांवर उभ्या राहिलेल्या राहुट्या नकाशावर रेखल्या. बचाव पथके तोच नकाशा वापरू लागली. याच अनुभवातून त्या वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. २०१४ साली रेडक्रॉस आणि सरहद्दीपलीकडे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने तिच्याबरोबर मिसिंग मॅप्स नावाचा उपक्रम सुरू केला. नकाशावर नसलेल्या गरीब वस्त्या संकट येण्याआधीच नकाशावर आणणे, हा त्याचा हेतू.

नेपाळने हे आधी ओळखले होते. काठमांडू लिव्हिंग लॅब्स या संस्थेच्या तरुणांनी भूकंपापूर्वीच काठमांडू खोऱ्यातील शाळा, दवाखाने आणि रस्ते नकाशावर घालून ठेवले होते. २५ एप्रिल २०१५ ला धरणी हादरली आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली. तेव्हा तयार नकाशा हाताशी होता. त्यावर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी डोंगरातल्या गावांची भर घातली. कुठल्या गावाला तंबू हवेत, कुठे अन्न पोहोचले नाही, हे लोक कळवत गेले आणि ते नकाशावर मांडले गेले.

आम्हाला मात्र सर्वांत जवळची वाटते ती किबेराची कथा. किबेरा ही केनियातील नैरोबी शहराची प्रचंड झोपडपट्टी. नकाशांवर तिथे कोरी जागा होती. लाखो माणसे राहतात तिथे काहीच नाही! २००९ साली तिथल्याच तरुण-तरुणींना जीपीएस यंत्रे देऊन शिकवले गेले. आपली वस्ती पायी फिरून त्यांनी पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा, अंधाऱ्या आणि धोक्याच्या वाटा टिपल्या. परक्या माणसाला उपग्रहाच्या चित्रात पत्र्याचे छप्पर दिसते. त्या पत्र्याखाली शाळा भरते की दारूचा गुत्ता चालतो, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

आपल्या मातीतले दाखले

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते एस.टी.च्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला आणि जिथे गाव दिसायचे तिथे चिखल दिसला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती आदिवासींची वाडी. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. यादीत नाही म्हणून इशारा नाही, पूर्वतयारी नाही.

आपल्याच जळगाव जिल्ह्यात ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावी तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. घरे-दुकाने पाण्यात गेली, शेकडो जनावरे वाहून गेली आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. चाळीसगाव म्हटले की आपल्याला १९२९ सालही आठवते. धुळ्याहून परतताना बाबासाहेब तिथे उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना हाकून नेण्यास नकार दिला. म्हणून टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम धरला आणि वाटेतल्या पुलावर बाबासाहेब खाली फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. महारवाड्यात जायचे तर नदी ओलांडावी लागे. गावाने आपल्याला नदीपलीकडे, सखल जागी, उतारावर वसवले. पाऊस हा इतिहास ओळखत नाही. तो सखल जागी जातो एवढेच.

मदतीतही भेद होतो. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत वाटपात डावलले गेल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. अशा वेळी तोंडी तक्रार हवेत विरते. "तुमच्या वस्तीत नुकसानच नाही," असे सांगून साहेब मोकळे होतात. वस्तीतली घरे किती, पाणी कुठवर चढले, मदतीची गाडी कुठपर्यंत आली, हे नकाशावर तारखेनिशी दाखवता आले तर तेच साहेब दुसऱ्यांदा विचार करतात. गिरणा आणि अंजनीच्या काठच्या वस्त्यांनी हे मनावर घ्यावे.

पुण्याचा आणि सांगलीचा धडा

शेल्टर असोसिएट्स ही पुण्याची संस्था १९९३ साली वास्तुविशारद प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. पुण्यातील आणि सांगली-मिरज-कुपवाडमधील झोपडपट्ट्यांचे घराघराचे सर्वेक्षण त्यांनी केले आणि ती माहिती उपग्रहाच्या चित्रावर बसवली. कुठल्या घरात शौचालय आहे, कुठल्या नाही, मैलावाहिनी कुठून जाते आणि कुठल्या घरापासून ती किती दूर, हे एका कागदावर दिसू लागले.

त्यातून एक घर एक शौचालय हे काम उभे राहिले. संस्था बांधकामाचे सामान थेट दारात पोहोचवते आणि मजुरीचा भार कुटुंब उचलते. पुणे, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, सांगली अशा शहरांत हे झाले. एरवी काय होते? सार्वजनिक शौचालय जागा मिळेल तिथे बांधले जाते, पाण्याची सोय नसते, दोन वर्षांत दारे तुटतात. रात्री बायका-मुलींनी डबा घेऊन अंधारात जायचे ते जातातच. नकाशा हाती असला की "आम्हाला सोय द्या" या मोघम मागणीच्या जागी "या गल्लीतली इतकी घरे गटारापासून इतक्या फुटांवर आहेत, इथे जोड द्या" अशी नेमकी मागणी उभी राहते. नेमक्या मागणीला नाही म्हणताना अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते.

वस्तीचे नाव कोणते?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. निर्णय चांगला आहे. पण मुंबईत निर्णय झाला म्हणून गावातली जीभ बदलत नाही आणि नकाशावरचे जुने नावही आपोआप पुसले जात नाही. एकदा जुने नाव नकाशात बसले की टपाल, कुरिअर, रुग्णवाहिका, नोकरीचा अर्ज, सगळीकडे ते पुढे चालते. आपल्या मुलाने मुलाखतीत पत्ता सांगितला की साहेबाच्या कपाळावर आठी पडते, तिचे मूळ तिथेही असते.

म्हणून ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत ठराव करून घ्या आणि ठरलेले नाव देवनागरीत नकाशावर घाला. खुल्या नकाशात मराठी नाव लिहिण्याची सोय आहे. विहाराचे नाव, चौकाचे नाव, वाचनालयाचे नाव आपल्या लोकांनी दिलेले असेल तसेच लिहा.

काम कसे करायचे?

आता प्रत्यक्ष कामाचे. यासाठी पदवी लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. एक संगणक, दोन-तीन मोबाइल आणि चार रविवार पुरेत.

पहिल्या रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विहारात बसवा. जमिनीवर खडूने वस्ती काढा. आजीला विचारा, पूर कुठपर्यंत आला होता? जुनी विहीर कुठे होती? कुठली वाट पावसात बंद होते? पाणी भरायला बायका कुठे जातात आणि किती वेळ जातो? या प्रश्नांची उत्तरे बायांनाच ठाऊक असतात, म्हणून त्यांना मागे बसवू नका. खडू त्यांच्या हाती द्या. मोठा नकाशा झाला की तो कागदावर उतरवा.

दुसऱ्या रविवारी कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी संगणकावर ओपनस्ट्रीटमॅप उघडून चित्रावरून गल्ल्या आणि घरांची छपरे रेखावीत. तिसऱ्या रविवारी शाळकरी मुलांना बरोबर घेऊन छापील नकाशा हातात धरून वस्ती फिरावे आणि हापसा, दिव्याचा खांब, अंगणवाडी, रेशन दुकान, उघडे गटार पेन्सिलीने टिपावे. अँड्रॉइड मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचे अॅप आहे. ते उभ्या जागी साधे प्रश्न विचारते, जसे की हा रस्ता डांबरी की कच्चा, या वाटेवर दिवा आहे का? उत्तर दिले की नकाशात भर पडते. चौथ्या रविवारी सर्वांनी बसून तपासावे आणि चुका दुरुस्त कराव्यात. ऑर्गॅनिक मॅप्स हे अॅप याच नकाशावर चालते. एकदा आपल्या भागाचा नकाशा उतरवून घेतला की नेट नसतानाही वाट दाखवते. पुरात टॉवर बंद पडतात तेव्हा याची किंमत कळते.

एक नियम पक्का पाळा. गूगलच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नकाशावरून नावे उतरवू नका. ती त्यांच्या मालकीची आहेत. डोळ्यांनी पाहिले, तोंडाने विचारले, तेवढेच लिहा. हे करताना कोणी "परवानगी आहे का?" म्हणून दटावले तर त्याला शांतपणे सांगा की १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, काही संवेदनशील बाबी वगळता, भारतीय नागरिकाला नकाशाची माहिती गोळा करायला पूर्वपरवानगी लागत नाही.

नकाशा झाला की तो भिंतीवर शोभेला लावू नका. जिल्हा परिषदेमार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना चालते. पूर्वी तिला दलितवस्ती सुधार योजना म्हणत. तिच्यासाठी वस्त्यांचा पाच वर्षांचा बृहत आराखडा केलेला असतो. माहिती अधिकारात अर्ज करून त्याची प्रत मागा. आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे का, लोकसंख्या बरोबर आहे का, जो सिमेंटचा रस्ता झाला म्हणून लिहिले आहे तो जागेवर आहे का, हे नकाशाशी ताडून पाहा. तफावत निघाली तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नकाशा घेऊन उभे राहा. एरंडोल शहरातल्या बांधवांनी तो नगरपरिषदेत न्यावा. इतिवृत्तात नोंद करून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

काय लिहू नये?

खुला नकाशा सर्वांना दिसतो. सर्वांत आपले वाईट चिंतणारेही येतात. म्हणून घरावर घरमालकाचे नाव घालू नका. जात लिहू नका. कुठल्या घरात बाई एकटी राहते, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परगावी आहे, हे कदापि नको. फोन नंबर नको. गावात तंटा पेटतो तेव्हा वस्तीवर चालून येणाऱ्यांच्या हाती आपणच यादी देता कामा नये. नळ, रस्ता, दिवा, दवाखाना, शाळा, विहार अशा सार्वजनिक गोष्टी खुल्या नकाशावर घाला. कुटुंबवार माहिती, म्हणजे कोणाच्या घरी शौचालय नाही, कोणाला रेशन मिळत नाही, म्हातारे-अपंग कुठे आहेत, ही वेगळ्या वहीत लिहून वस्तीच्या विश्वासू माणसांकडे ठेवा. पुराच्या रात्री ती वही उपयोगी पडेल.

दुसरे असे की या नकाशावर घर काढले म्हणजे ते घर आपल्या नावावर झाले, असे समजू नका. मालकी हक्काला सातबारा, मिळकत पत्रिका, पट्टा हेच लागते. वस्ती तिथे आहे हे दाखवण्यापलीकडे नकाशा जात नाही. हैतीत नकाशा काही दिवसांत झाला, पण घरे उभी राहायला वर्षे गेली. नकाशा रस्ता बांधत नाही, रस्ता कुठे नाही ते दाखवतो. पुढचा लढा माणसांनाच लढावा लागतो.

तिसरे, एकदा काढून विसरून जाऊ नका. नवा नळ आला, जुना हापसा बंद पडला, पूल खचला, की बदल करा. चुकीचा नकाशा संकटात वाईट वाटेने नेतो. वस्तीतल्या दोन मुलींकडे आणि दोन मुलांकडे हे काम कायमचे सोपवा. संगणकाची शिदोरी त्यांना पुढे नोकरीतही उपयोगी पडेल, हा आणखी एक लाभ.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा बाबासाहेबांचा संदेश आपण प्रत्येक सभेत ऐकतो. आमच्या मते या कामात तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. आजी सांगते, नात शिकते. गल्ल्या फिरताना वस्ती एक होते. कागद हाती आला की कचेरीत भांडता येते. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे नाले भरण्यापूर्वी, एरंडोल तालुक्यातल्या निदान दहा वस्त्यांनी हे चार रविवार द्यावेत अशी आमची कळकळीची विनंती आहे. काम सुरू करणाऱ्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी आपला अनुभव आम्हाला कळवावा. काय अडले, कोणी अडवले, काय साधले, ते याच सदरात आम्ही छापू, म्हणजे पुढच्या वस्तीला वाट सोपी होईल.

जयभीम.